दुकानातला आजारी फायटर मासा घरी आणावा का?

निळीशाई: डोंबिवलीत स्टेशनवरून घरी येताना माशांचं एक दुकान लागतं. काउंटरवर प्लास्टिकच्या ग्लासात निळा फायटर आहे, आठवडाभर बघतेय. शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या, तळाशी एका अंगावर पडलेला. कसाबसा वर येतो, हवेचा एक घोट घेतो, परत खाली. दुकानदार म्हणतो, "ताई, पन्नासला न्या." घरी ४० लिटरच्या टँकमध्ये आठ गप्पी आहेत. आणू का? नवरा म्हणतो, दवाखानाच काढ.

गप्पीवाला: त्या टँकमध्ये चुकूनही सोडू नका! मी असाच दया येऊन एक गोल्डफिश आणला होता. अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके. आठवड्याभरात घरचे सगळे मासे ठिपक्यांचे.

जुनंखोड: पन्नास दिलेत की उद्या त्याच ग्लासात दुसरा फायटर. फुकट देत असेल तर आणा, नाहीतर वाईट वाटून घ्या आणि पुढे चला.

पाणीबदल: आणलात तर १०-१५ लिटरचा वेगळा टब, २६-२७ अंशांवर हीटर, जाळीसुद्धा वेगळी. रोज थोडं पाणी बदला, पण क्लोरीन काढून. घाण पाण्यातल्या अमोनियाने शेपटी सडते, त्यामुळे औषधाआधी पाणी.

निळीशाई: पैसे देणार नाही म्हटलं. तो म्हणाला, "न्या, तसाही जाणारच आहे." बाल्कनीतल्या टबात ठेवलाय. रात्री दोनदा टॉर्च मारून बघितलं, कल्ले हलतायत. नवरा तिसऱ्यांदा बघून आला.