मदत हवी आहे: एमपीसीत (मॉडेलवरून पुढचं बघून ठरवणाऱ्या नियंत्रणात) चालू-बंद हीटर कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. नांदेडला एम.टेक. करतोय, विषय कर्करोगाच्या उष्णता-उपचाराचं नियंत्रण. गाठ ४१ ते ४३ अंशांत धरून ठेवली की रेडिएशन आणि केमोचा परिणाम वाढतो. ४३ च्या वर मात्र दर अंशाला तेवढाच उष्णतेचा डोस निम्म्या वेळात पडतो, म्हणून शेजारच्या चांगल्या पेशी सांभाळाव्या लागतात. अल्ट्रासाउंडचा झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थोड्याच भागात फिरवता येतो. गाठ मोठी असली तर ट्रान्सड्यूसरच (झोत सोडणारा भाग) सरकवायचा, आणि सरकताना तापवणं बंद.

तसलं यंत्र आपल्याला कुठून मिळणार! म्हणून किराणा दुकानातल्या चायना ग्रासचा जाड थर, खाली चार हीटर. एका वेळी एकच चालू, रिले (विजेवर चालणारा स्विच) दर पाच सेकंदांनी बदलतो. मॉडेल पेनेसच्या १९४८ च्या समीकरणाचं (रक्तामुळे शरीरातली उष्णता कशी वाहते ते सांगणारं), रक्ताऐवजी नळीतून पाणी. (मे महिन्यात इथली हवाच ४२ ला टेकते, हीटर कशाला लावतोस म्हणून मित्र चिडवतात. ते पाणी गार ठेवणं हीच कटकट आहे.)

अडचण अशी: चार हीटर आणि 'सगळे बंद' धरून पाच पर्याय, दहा पावलं पुढचं बघायचं तर ९७,६५,६२५ वाटा. लॅपटॉप वेळेत उरकत नाही. अपूर्णांकात सोडवून (हीटर अर्धवट चालू धरून) मग शून्य-एक केलं, तर रिले दोनच हीटरांत टकटक करत राहतो. हीटर बदलण्यावरचा दंड (गणितात धरलेला जादा खर्च) वाढवला, तर एकाच जागी चिकटतो आणि तिथं ४४ पार.

वरच्या पातळीवर मिनिटाला एकदा जागा ठरवायची आणि खाली फक्त पॉवर, असं दोन थरांत कुणी केलंय का? की ब्रँच अँड बाउंडलाच (निरुपयोगी वाटा आधीच छाटणाऱ्या पद्धतीला) मागचं उत्तर सुरुवातीला देऊन भागेल? दंडाचा आकडा कसा ठरवता तेही सांगा.