आई एकटी दुबईला चाललीय ताईच्या बाळंतपणाला, बॅगेत काय काय चालणार नाही?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझी आई (वय ६६) पुढच्या महिन्यात मुंबईहून दुबईला जातेय, ताईचं पहिलं बाळंतपण आहे. आई पहिल्यांदाच विमानात बसणार आणि तेही एकटी, मला रजा मिळाली नाही आणि बाबांना गुडघ्यामुळे जमत नाही. घरात पंधरा दिवस झाले तयारी चाललीय, हॉलमध्ये निम्मी जागा डब्यांनी भरलीय. डिंकाचे लाडू झालेत (खारीक, खोबरं, खसखस सगळं घालून), अळीव वेगळे बांधलेत, दीड किलो सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कारण तिकडे पुन्हा लाडू करायचे म्हणते, पाव किलो खसखस, बाळंतशेप, ओवा, वावडिंग, बाळगुटीचं सगळं सामान आणि सहाण, खोबरेल तेल, लोणचं, घरचं तिखट, कापूर, आजीच्या वेळचा पाऱ्याचा थर्मामीटर, शिवाय ओटीचा नारळ, तो म्हणे हातातल्या पिशवीतच ठेवणार. मी पॉवर बँक पण दिलीय २०००० एमएएचची, फोन बंद पडला तर ती घाबरून जाईल म्हणून.
काल ऑफिसात एकजण म्हणाला की खोबरं नेऊ देत नाहीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली खोबऱ्याला कोण अडवतंय, उगाच काहीतरी. खरं काय आहे ते कुणी नीट सांगेल का? तिला एअरपोर्टवर बाजूला घेऊन बॅग उघडायला लावली तर ती रडेल एवढं मला माहितीय, त्यामुळे आधीच सगळं काढून टाकलेलं बरं.

वाळवंटातली_जाई
कृष्णाकाठ, सगळ्यात आधी खसखस काढा. आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या. मी १४ वर्षं दुबईत राहते म्हणून एवढ्या जोरात सांगतेय. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, अफूच्या बोंडातलं बी ना ते, आपल्याला ती वाटणातली आणि अनारशावरची खसखस वाटते, इथल्या कायद्याला तसं वाटत नाही. इथे कुठल्याच वाणसामानाच्या दुकानात विकत मिळत नाही, त्यावरूनच समजा. सिंगापूर आणि सौदीला पण हाच प्रकार आहे.
आणि फक्त पाव किलोची पुडी काढून भागणार नाही. लाडवात खसखस घातलीय म्हणताय, ते लाडू पण घरीच ठेवा. मला कळतंय किती मेहनत असते त्यात, डिंक तळून फुलवायचा, खारीक कुटायची, हात भरून येतात. पण मसाल्याच्या डब्याचं पण बघा, बऱ्याच घरांत गोड्या मसाल्यात आणि कांदा लसूण मसाल्यात खसखस असते. आईंना विचारा काय काय घातलंय. माझ्या आईने एकदा करंज्या पाठवायला काढल्या होत्या आणि सारणात खसखस भाजून घातलेली, फोनवर बोलता बोलता कळलं म्हणून घरीच राहिल्या.
विड्याची पानं पण नाहीत, इथे पानावर बंदी आहे. बाळंतिणीला विडा द्यायचा म्हणून कुणी देतं बांधून.

जुनाग्राउंडस्टाफ
मुंबईला एका एअरलाइनच्या ग्राउंड स्टाफमध्ये ९ वर्षं काढलीत, त्यामुळे खोबऱ्याचं मी सांगतो.
तुमचा ऑफिसातला माणूस बरोबर बोलला. सुकं खोबरं म्हणजे कोप्रा हा धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ, त्याला यूएन नंबर सुद्धा आहे, १३६३. आपल्याकडे ब्यूरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीने २०२२ मध्ये चेक-इन बॅगेच्या (काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेच्या) बंदीच्या यादीत ते घातलं, तेव्हापासून स्कॅनिंगला जास्त पकडलं जातं. कारण साधं आहे, वाळलेल्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं, त्या तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निघते, थोडा ओलसरपणा राहिला असेल तर आणखी, आणि गच्च बांधलेल्या बॅगेत ती उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. जहाजावर कोप्र्याच्या साठ्याला आगी लागायच्या त्या अशाच. बॅग विमानाच्या पोटात असते, तिथे आग लागली तर जाऊन विझवणारा कोणी नसतो हे लक्षात घ्या.
होतं कसं ते पण सांगतो कारण आई एकट्या आहेत. बॅग काउंटरवर दिली की ती पट्ट्यावरून आत स्कॅनिंगला जाते. स्क्रीनवर वाट्या कळतात, गोल पोकळ आकार एकात एक बसवलेले, लपत नाहीत. मग प्रवाशाच्या नावाची घोषणा होते, तोवर प्रवासी इमिग्रेशन ओलांडून आत बसलेला असतो, बायकांना बऱ्याचदा घोषणा ऐकूच येत नाही, भाषा इंग्रजी आणि आवाज घुमणारा. मग त्यांना शोधून आणायचं, बॅग उघडायची, आणि कोणी सापडलंच नाही तर बॅग मागे राहते. एक आजी आठवतात मला, सांगलीकडच्या होत्या, बॅगेला सुतळीने आडव्या उभ्या गाठी मारलेल्या आणि वरून कापड शिवलेलं. ते शिवण आम्ही दोघांनी नेलकटरने उसवलं, त्या एकीकडे उसवत होत्या आणि एकीकडे म्हणत होत्या अरे बाळा लेकीसाठीच आहे रे. वाट्या काढून घ्याव्या लागल्या. त्यांनी मोजून माझ्या हातात दिल्या, बावीस होत्या. विमान मिळालं त्यांना, पण तो चेहरा अजून डोळ्यासमोर येतो.
त्यामुळे वाट्या नकोतच. किसून भाजून लाडवात गेलेलं खोबरं म्हणजे तयार खाऊ, तसे लाडू आमच्याकडे अडवलेले मी पाहिले नाहीत, तरी तुमच्या एअरलाइनला मेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवा.
कापूर पण नाही, तो ज्वलनशील आहे, दोन्ही बॅगांत नाही. काडेपेटी, लायटर आपल्याकडे दोन्हीकडे बंद. घरचं तिखट चेक-इनमध्ये टाका, केबिनमध्ये म्हणजे हातातल्या बॅगेत तिखटाची पूड चालत नाही. लोणचं आणि तेल पण चेक-इनमध्येच, दुहेरी पिशवीत. केबिनमध्ये पातळ पदार्थ १०० मिलीच्या बाटलीतच, आणि लोणच्याचा खार पातळ पदार्थातच मोजतात.
ओटीचा नारळ केबिनमध्ये अडवतील. केरळातल्या शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये न्यायची खास सवलत देतात, जशी ऑक्टोबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ दिली होती, पण ती त्यांच्यापुरती आणि यात्रेच्या काळापुरतीच.

मोगरा७८
एवढं काही नसतं हो. माझ्या सासूबाई दर वर्षी शारजाला खसखस नेतात, आजवर कोणी विचारलं नाही. घाबरवू नका त्यांना.

वाळवंटातली_जाई
मोगरा, राग मानू नका पण हे कृपा करून कुणाला सांगू नका. आजवर बॅग उघडली गेली नाही एवढंच झालंय त्यात, कायदा तोच आहे. इथे चौकशी लागली तर भाषा येत नाही, ओळखीचं कोणी आत येऊ शकत नाही, आणि बाहेर दिवस भरलेली लेक उभी. पाव किलो खसखशीसाठी? सासूबाईंना पण सांगा, खरंच सांगते. मगज बी आणि काजू वाटून घातले की रस्सा तितकाच दाट होतो, मी १४ वर्षं तसाच करतेय.

औषधवाला_कोल्हापूर
माझं मेडिकल आहे त्यामुळे मला वेगळीच काळजी वाटली, आईंच्या स्वतःच्या गोळ्यांचं कुणीच विचारलं नाही. ६६ वय म्हणजे बीपी, शुगर असणार, त्याचं काही नाही, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत न्या. पण झोपेची गोळी घेतात का? आपल्याकडे अल्प्राझोलाम सर्रास लिहून देतात. गुडघ्याला किंवा कंबरेला ट्रामाडॉल असलेली गोळी आहे का, पायाची आग होते म्हणून प्रीगॅबालिन आहे का, खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का, हे सगळं अमिरातीत नियंत्रित औषधांत येतं. तिथल्या सरकारच्या अधिकृत वेबसाइटवर प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, डॉक्टरचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन अपलोड करून. गोळ्यांच्या नावावर जाऊ नका, पाकिटामागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा, नाहीतर जवळच्या मेडिकलवाल्याला दाखवा. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका, आपल्याकडची वडीलधारी माणसं हे हमखास करतात, आणि मग त्या कसल्या आहेत ते कुणालाच सांगता येत नाही.
बाळगुटीचं सामान अख्खं न्या, पूड करून नको, आणि प्रत्येक पुडीवर नाव लिहा. घरी कुटलेल्या अनोळखी पुड्या टाळाच.
थर्मामीटर डिजिटल घ्या. पारा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि विमानाचं अंग बरंचसं अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. ताप बघायचा एखादा छोटा थर्मामीटर चेक-इनमध्ये टणक कव्हरात चालतो असा नियम आहे पण फुटला तर काय, आणि तान्ह्या बाळाच्या घरात पारा नकोच. पाऱ्याचं जुनं बीपी मशीन तर अजिबात नको.

निळावंती
मी थोडं वेगळं लिहितेय. माझी आजी माझ्याबरोबर दिल्लीला येत होती तेव्हा तिच्या बटव्यात अडकित्ता होता. पितळी, मोराच्या आकाराचा, तिच्या आईने लग्नात दिलेला. तिला तो शस्त्र वाटणं शक्यच नव्हतं, ती सत्तर वर्षं त्याने सुपारी कातरत होती. केबिनमध्ये पातं चालत नाही. तिथला जवान तरुण होता, अगदी हळू आवाजात म्हणाला आजी, हे मला सोडता येणार नाही, बाहेर कोणी असेल तर देऊन या. माझा भाऊ गाडी घेऊन परत निघाला होता, त्याला फोन करून वळवलं, आजीला तिथेच खुर्चीत बसवून मी धावत बाहेर गेले आणि काचेच्या दारापाशी त्याच्या हातात दिला. सात आठ मिनिटांचा खेळ होता. तो वळला नसता तर तो अडकित्ता तिथल्या पेटीत गेला असता.
म्हणून सांगते, निघायच्या आदल्या दिवशी आईंची पर्स स्वतः पूर्ण रिकामी करा, आतला चोरकप्पा सुद्धा. आणि बॅग आत जाईपर्यंत कोणीतरी बाहेर गाडीत थांबा, बोर्डिंग झालं असा फोन आल्यावरच निघा.

जुनाग्राउंडस्टाफ
निळावंती, अगदी बरोबर, आम्ही हेच सांगायचो लोकांना.
पॉवर बँकचं राहिलं होतं. ती चेक-इनमध्ये कधीच नाही, केबिनमध्येच. २०००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले हजार, ७४ वॅट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) झाले, १०० पर्यंत चालतं, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर नाही. अंगावर छापलेला आकडा पुसला असेल तर अडवतात, ते बघून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानला उभ्या विमानाला आग लागली होती, सुरुवात वरच्या कप्प्यातून झाली आणि संशय पॉवर बँकवरच गेला, तेव्हापासून सगळीकडे कडक झालंय. एमिरेट्स एअरलाइनमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून एकच पॉवर बँक न्यायला परवानगी, विमानात वापरायची नाही आणि वरच्या कप्प्यातही ठेवायची नाही, सीटच्या खिशात किंवा सीटखाली. आईंना सांगा घरून फोन शंभर टक्के चार्ज करूनच निघायचं.

पिंपळपान
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. दुबईला चाललीय कळलं की ओळखीचे लोक पार्सल आणून देतील, जरा पोचतं कर म्हणून. घेऊ नका, सख्खं नातं असलं तरी. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं होतं, नात्यातल्याच बाईने दिलेलं पाकीट बॅगेत होतं, त्यात चार किलो चरस निघालं. दहा वर्षांची शिक्षा झाली, बाई गरोदर होती, मुलगी तुरुंगात जन्मली. निर्दोष ठरून २०२१ मध्ये परत आले ते. बॅग तुमची तर आतलं सगळं तुमचं, विमानतळावर दुसरं काही मोजत नाहीत.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. खसखशीचं ऐकून ती पहिल्यांदा गप्पच बसली, मग म्हणाली अडवलं असतं तर मी बाळाला बघितलंच नसतं की रे. तिथेच उठून पुडी काढली.
झोपेची गोळी आहे, अल्प्राझोलामच निघाली, आज डॉक्टरांकडून पत्र आणतोय आणि परवानगीचा अर्ज भरतो. पाकिटातून काढून तिने बामच्या रिकाम्या डबीत भरलेल्या होत्या, औषधवाला तुम्ही अगदी बघितल्यासारखं लिहिलंत. शेजारच्या काकू पण दोन डबे देणार होत्या त्यांच्या मुलासाठी, त्यांना मीच जाऊन नाही म्हणून आलो, थोडं वाईट वाटलं त्यांना.
जाई, ताई म्हणते खोबरं तिकडे सुपरमार्केटमध्ये मिळतं, तिने आणून ठेवलंय. खसखशीचे लाडू आम्ही खाणार, आणि आईने आज सकाळी परत डिंक तळायला घेतला, बिनखसखशीचे बांधतेय. एवढं एक सांगा, डबा तिने कापडात शिवायला घेतलाय, शिवू देऊ की नको?

जुनाग्राउंडस्टाफ
शिवू नका. झाकणाचा स्टीलचा डबा, वर साधी चिकटपट्टी, आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा, उघडायला सांगितलं तरी मिनिटात होईल.