३०२ चेतापेशी आणि भूक

प्रश्न : सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या उभयलिंगी कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा आराखडा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला असताना, त्याचे वर्तन अजून नेमके का वर्तवता येत नाही?

उत्तर १ : आराखड्यात चेतापेशींची संदेशवाहक रसायने दिसत नाहीत. पोट भरलेला कृमी जिवाणूंच्या, म्हणजे त्याच्या अन्नाच्या, थरावर येताच डोपामिन या अशाच एका रसायनामुळे मंदावतो. गंमत म्हणजे, जिवाणूंऐवजी बारीक निर्जीव मणी पसरले तरीही तो मंदावतो, म्हणजे येथे चवीपेक्षा स्पर्श महत्त्वाचा.

उत्तर २ : उपाशी कृमी मात्र त्याच थरावर जवळजवळ थबकतो, आणि त्यासाठी सेरोटोनिन हे दुसरे संदेशवाहक रसायन लागते.

प्रश्नकर्ता : मग आराखडा निरुपयोगी आहे का?

उत्तर १ : मुळीच नाही. डोपामिन स्रवणाऱ्या पेशी अवघ्या आठ. त्या नष्ट केल्या, की पोटभरल्या कृमीचे ते मंदावणेच नाहीसे होते.