ठाणे ते किब्बर फेब्रुवारीत, स्वतःच्या डिझेल गाडीने. काय तयारी करू?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, आम्ही तिघं फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीत किब्बरला जातोय हिमबिबट्याच्या शिकारीला, घाबरू नका, शिकार कॅमेऱ्याची, खरी शिकार १९७२ च्या कायद्यापासून बंदच आहे आणि आईला हे तीनदा समजावून झालंय. गाडी चार वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही, बीएस-६, फ्रंट व्हील ड्राइव्ह. सर्व्हिसिंग आत्ताच झालंय, टायर अर्धे राहिलेत. मनालीकडून कुंझुम घाट बंद असतो म्हणून शिमला-रामपूर-रेकाँग पिओ-काझा असं जाणार. आत्तापर्यंत सगळ्यात थंड म्हणजे महाबळेश्वरला नेलीय गाडी, त्यामुळे अनुभव शून्य. बर्फात टायरवर चेन लागते एवढंच ऐकलंय, बाकी काय बघू?

ऐरोली_डिझेल
सर्व्हिसिंग झालंय हे ऐकूनच मला धडकी भरली. सगळ्यात आधी कूलंट बघा. आपल्याकडे गॅरेजवाला पोरगा कमी दिसलं की नळाचं पाणी ओततो आणि ठाण्यात त्याने काही बिघडत नाही, पण किब्बरला रात्री उणे २० च्या खाली जातं, तिथे ते पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर नाहीतर थेट ब्लॉक तडकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे ३५ पर्यंत चिंता नाही. रेडिएटरवाल्याकडे मोजायचं यंत्र असतं, त्याच्यासमोर उभं राहून मोजून घ्या, तोंडी "ठीक आहे साहेब" वर जाऊ नका. काचेवर मारायचं पाणी पण काढून टाका, तेही गोठतं.

दुसरं डिझेल. आपलं डिझेल थंडीत मेण धरतं, फिल्टर चोक, गाडी मेली. इंडियन ऑइलने २०१९ ला उणे ३३ पर्यंत वाहणारं डिझेल काढलं पण ते लडाखसाठी, काझाला मिळेल असं धरून चालू नका. म्हणून पिओखाली पोवारीला पंप आहे तिथे टाकी जवळपास रिकामी करूनच पोचा आणि तिकडचं डिझेल भरा, भरायच्या आधी अँटी-जेल (मेण धरू न देणारं औषध) टाका. मेण धरल्यावर टाकून उपयोग नाही. आणि कोणी रॉकेल मिसळ म्हटलं तर हात जोडा, जुन्या सुमोला चालायचं ते, बीएस-६ चे इंजेक्टर वाट लावतील खिशाची.

खारघरचा_भटक्या
मागच्या फेब्रुवारीत जाऊन आलो. चालताना गाडीने काहीही त्रास दिला नाही, जे झालं ते सगळं रात्री उभी असताना. पहिल्याच रात्री सवयीने हँडब्रेक ओढला, सकाळी मागचं चाक जाम, ब्रेक शू ड्रमला चिकटलेले, दुपारी ऊन आलं तेव्हा सुटलं आणि तेवढ्यात बिबट्या दिसून गेला म्हणे (मला नाही, बाकी सगळ्यांना). गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा, बस. वायपर उभे करून ठेवा.

बॅटरी चार वर्षांची असेल तर सरळ नवीन घ्या, थंडीत निम्मी ताकद उरते. सकाळी चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा कॉइलचा (इंजिन आधी गरम करणाऱ्या हीटरचा) दिवा विझू द्या, परत बंद-ऑन, असं दोन-तीनदा, मगच स्टार्टर, तोही सलग दहा सेकंदांच्या वर नको. बॉनेटवर जुनं ब्लँकेट टाका, पण सकाळी काढायचं लक्षात ठेवा!! चेन पुढच्या चाकांना. आणि ती लावायची प्रॅक्टिस इथेच करा, बर्फात बोटं चालत नाहीत.

कळव्याची_ताई
मी उलटं सांगते, राग नको. गाडी न्यायचीच कशाला? एका बाजूने दोन हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे सुट्टीतले पाच-सहा दिवस नुसते हायवेवर. रेल्वेने चंदीगड, तिथून शिमला, पुढे तिकडचाच ड्रायव्हर. किन्नौरमध्ये वरून दगड कधी पडतात, सावलीतल्या वळणावर काळा बर्फ कुठे असतो हे त्याला पाठ असतं, तुम्हाला डांबर ओलं आहे असंच वाटणार. आम्ही तसंच गेलो, नाकोला एक रात्र थांबलो त्यामुळे उंचीने डोकंही दुखलं नाही.

ऐरोली_डिझेल
ताईंचं बरोबर आहे पण गाडीवाल्याला हे सांगून उपयोग नसतो :)
एक राहिलं, गाडीला ॲडब्लू (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं, टाकी काठोकाठ भरू नका.

घोडबंदरकर
आज मोजलं कूलंट. यंत्रावर उणे ४. सर्व्हिसवाल्याच्या बिलावर मात्र "कूलंट टॉप-अप" चे पैसे लावलेत, भांडून आलो. सगळं काढून नवीन भरतोय, बॅटरी पण. ताई, तुमचा मेसेज बायकोने वाचला आणि आता घरात दोन पक्ष पडलेत. चेन मागवलीय, रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून बघणार, वॉचमनने आत्ताच विचारलंय की ठाण्यात बर्फ कधी पडणार. कोणी जवळ राहत असेल तर या, नंतर मामलेदारची मिसळ माझ्याकडून.