कॉर्टिसॉल 21 आलंय, टेन्शनमुळेच का?

निशाचर_पुणेकर:
नमस्कार मंडळी, क्लायंट अमेरिकेतला त्यामुळे वर्षभर नाईट शिफ्टच चालू आहे, झोपेचं पार खोबरं झालंय, चिडचिड होते, पोट सुटलंय. बायको मागेच लागली म्हणून फुल बॉडी चेकअप केलं तर कॉर्टिसॉल, म्हणजे ते टेन्शनचं हार्मोन, 21 आलं. रेंजमध्येच आहे पण वरच्या टोकाला, आणि तेव्हापासून इन्स्टावर नुसती कॉर्टिसॉल डिटॉक्सची रील्स. हे हार्मोन खाली आणलं की डोकं शांत होतं का खरंच? अश्वगंधा मागवू?

लॅबवाली_ताई:
सँपल किती वाजता दिलंत? कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर असतं, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळाला. बऱ्याच रिपोर्टवरची रेंज सकाळी 8 च्या सुमाराची असते. सुई बघूनही काहींचं चढतं 😅

निशाचर_पुणेकर:
शिफ्ट संपवून तसाच गेलो ताई, सकाळी 7 ला, रात्रभर जागा.

डॉक_सोलापूर:
मग त्या 21 वरून काही ठरवू नका. कॉर्टिसॉल खरंच जास्त असण्याचा आजार म्हणजे कुशिंग, त्यात चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे रुंद चट्टे येतात, जरा लागलं की काळंनिळं पडतं, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. असं काही असेल तर रात्री उशिराची लाळ किंवा 24 तासांची लघवी तपासतात, एका आकड्यावर कोणी थांबत नाही. मनाशी संबंध आहेच, कुशिंगच्या पेशंटमध्ये डिप्रेशन बऱ्यापैकी दिसतं, पण डिप्रेशनवाल्या सगळ्यांचं कॉर्टिसॉल वाढलेलं नसतं, आणि मोठ्या आघातानंतरच्या पीटीएसडी या मानसिक त्रासात तर काहींचं उलट कमी सापडतं. त्यामुळे टेन्शन मोजायचा मीटर म्हणून ही टेस्ट बाद. अश्वगंधेने कॉर्टिसॉल थोडं उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण लिव्हरला त्रास झालेल्या केसेसही आहेत, थायरॉईडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. त्यापेक्षा शुगर, बीपी आणि कमरेचा घेर सांगा, नाईट शिफ्टवाल्यांचं खरं दुखणं तिथे निघतं.

सातारी_कंदी:
आमच्या आईला दम्यासाठी प्रेडनिसोलोन दिलेलं, तेही कॉर्टिसॉलच्याच जातीचं. रात्री दोनला उठून डबे घासायची आणि मधेच रडायची, आम्हाला वाटलं घरात काही बोलणं झालं असेल. डॉक्टरांनी डोस सकाळी घ्यायला लावला आणि हळूहळू कमी केला, एकदम बंद करायचं नाही म्हणाले.

निशाचर_पुणेकर:
डॉक, उपाशीपोटी शुगर 112, घेर 98 सेंमी. बीपी मोजलंच नाही.

डॉक_सोलापूर:
112 म्हणजे प्री-डायबेटिसच्या पट्ट्यात. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) करून घ्या, बीपी मोजा आणि फिजिशियनला दाखवा. कॉर्टिसॉलचं पान सध्या फाईलमध्येच राहू दे.