मध्यस्थ, तटस्थ की दलाल? कतारला काय म्हणायचं?

कतारच्या परराष्ट्र धोरणावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय. मूळ लेखात सगळीकडे एकच शब्द आहे, मीडिएटर. मी भरात 'तटस्थ मध्यस्थ' लिहून मोकळा झालो, यमकही आपसूक जुळलं. मित्राने मसुदा वाचला आणि म्हणाला, "कसला तटस्थ? दलाल म्हण की सरळ." आता काय ठेवू? शिष्टाई, रदबदली, लवाद हेही डोक्यात घोळताहेत.

— प्रतिसाद —

'तटस्थ' आधी काढा. तट म्हणजे काठ. तटस्थ काठावर उभा असतो, त्याचे पाय कोरडे. मध्यस्थ पाण्यात उतरलेला असतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' असे दोन वेगळे शब्द शेजारीशेजारी येतात. शंकराचार्यांनी भाष्यात फरकही सांगितलाय: उदासीन कोणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ भांडणाऱ्या दोघांचंही हित इच्छितो.

कतारला यातलं दुसरंच लागू पडतं. अमेरिकेचा मध्यपूर्वेतला सर्वांत मोठा लष्करी तळ दोह्याजवळ अल उदेदला आहे. त्याच दोह्यात २०१२ पासून हमासचं राजकीय कार्यालय, २०१३ मध्ये तालिबानचंही उघडलं. समुद्राखालचं प्रचंड वायुक्षेत्र इराणशी सामाईक, म्हणजे एका विहिरीवर दोन भावांच्या मोटा. याला काठावर उभं राहणं कोण म्हणेल? २९ फेब्रुवारी २०२० चा अमेरिका-तालिबान करार दोह्यात झाला, कारण दोघांचीही तिथे आधीपासून ऊठबस होती.

जाता जाता: मसुद्यात 'मध्यस्थता' असेल तर 'मध्यस्थी' करा. वाहिन्यांनी ते हिंदीतून उचललंय.

— प्रतिसाद —

'दलाल'ला इतकं हिणवू नका, मुंबईत त्याच्या नावाचा अख्खा रस्ता आहे. शब्द मुळात अरबीच, 'दल्लाल'. पण इथे बसत नाही, कारण दलालाला सौदा पटला की दलाली मिळते. कतार उलट पदरचे पैसे घालतो. मिळते ती वेगळी चीज: आपण सगळ्यांना लागतो ही खात्री. एकीकडे सौदी, समोर इराण, आणि लोकसंख्येत स्वतःचे नागरिक जेमतेम दहा-बारा टक्के. अशा देशाला ती रणगाड्यांइतकीच मोलाची. राज्यघटनेच्या सातव्या कलमातच वाद शांततेने सोडवायला प्रोत्साहन देणं हे परराष्ट्र धोरणाचं तत्त्व म्हणून घातलंय.

अरबीत मध्यस्थीला 'वसाता' म्हणतात, मधला या अर्थाच्या 'वसत'वरून. आपल्या 'मध्य'सारखंच. त्याच धातूचा 'वास्ता' बोलीभाषेत ओळखीपाळखीने काम करून घेण्यासाठी वापरतात, म्हणजे आपला वशिला! गंमत अशी की 'वशिला'ही अरबी, पण 'वसीला'वरून, त्याचा धातू वेगळा. जुन्या मराठी पत्रांतलं 'वास्ते' मात्र त्या वास्त्याचंच नातेवाईक.

— प्रतिसाद —

लवाद अजिबात नको. लवाद निवाडा देतो आणि तो पाळावा लागतो. कतारने नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही बाजू गंभीर नाहीत म्हणून इस्रायल-हमास बोलणी थांबवली होती. लवादाला असं हात झटकून उठता येत नाही.

शिष्टाईही जपून. कृष्ण कौरवसभेत गेला तो पांडवांच्या वतीने. आणि रदबदली म्हणजे ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याकडे कोणासाठी तरी शब्द टाकणं. भारताच्या आठ माजी नौसैनिकांना कतारमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, डिसेंबरात ती कमी झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. त्यात दिल्लीने केली ती रदबदली. तिथे कतार मध्यस्थ नव्हता, ज्याच्याकडे शब्द टाकायचा तो होता.

— प्रतिसाद —

अवांतर: अरबी उच्चार 'क़तर'च्या जवळचा आहे. आपण 'कतार' लिहितो आणि हिंदीवाल्याला रांग आठवते. पण आता रुळलंय, राहू दे.

— प्रतिसाद —

मध्यस्थ पाण्यात उतरलेला, हे पटलं. पण म्हणूनच तो भिजतोही. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारची कोंडी केली. तेरा मागण्या ठेवल्या, त्यात कतारची वृत्तवाहिनी अल जझीरा बंद करा हीसुद्धा. जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल उला इथे समेट झाला, आणि त्यासाठी खपला कुवेत. मध्यस्थालाच मध्यस्थ लागला! ९ सप्टेंबर २०२५ ला तर इस्रायलने थेट दोह्यात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला, युद्धविरामाच्या प्रस्तावावर खल चालू असताना. ज्याच्या ओसरीवर बैठक, त्याच्याच ओसरीवर बॉम्ब. 'तटस्थ' लिहिलंत तर हे दोन प्रसंग वाचकाला कळायचेच नाहीत.

— धागाकर्ता —

'तटस्थ' गेला. सगळीकडे 'मध्यस्थ' करतोय, २०१७ च्या परिच्छेदात कुवेतलाही तोच. मित्राला दलाल स्ट्रीटचं सांगितलं. तो म्हणतो, मग 'अडत्या' कसा वाटतो?