विषय: बाबा दाराबाहेर पाऊलच टाकत नाहीत

लंडनमधल्या हॅरोहून, रविवार रात्री

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या मेलांमध्ये मध्येच हे विचारतेय, माफ करा. माझे सासरे ८१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. हल्ली बाहेर निघालो की दारापाशी थबकतात, हात धरून पुढे नेलं तर ओरडतात. ताटात अर्धा भात तसाच राहतो आणि तासाभराने बिस्किटं मागतात. आंघोळीचं तर विचारूच नका. शॉवर सुरू केला की 'मारू नका मला' म्हणतात. शेजाऱ्यांना ऐकू जातं, मला रडू फुटतं. ह्यांना वाटतं, बाबा हट्टी झालेत. डोळे मार्चमध्येच तपासले, नंबर बरोबर आहे. कुणाच्या घरी असं झालंय का?

---

रेडिंगहून, सोमवार सकाळी

वहिनी, हट्ट नाही हो हा. माझी आई सात वर्षं या दुखण्यात होती. पहिली दोन वर्षं मीही तिला हट्टीच समजले, तिच्यावर ओरडले. ते आजही सलतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नंबर बरोबर असला तरी डोळ्यांनी टिपलेल्याचा अर्थ मेंदूला लावावा लागतो, आणि तिथेच बिघडतं. खोल-उथळ कळत नाही, जवळजवळचे रंग एकमेकांत मिसळतात, बाजूचं दिसेनासं होतं. लेखक टेरी प्रॅचेट यांना २००७ मध्ये ज्या प्रकाराचं निदान झालं, त्यात तर सुरुवातच दिसण्यापासून होते, स्मरणशक्ती बराच काळ टिकते.

तुमच्या दारात काळं किंवा गडद पायपुसणं आहे का? आमच्याकडे होतं. आई चौकट घट्ट धरायची, एक पाय पुढे करून अंगठ्याने चाचपायची आणि झटकन मागे घ्यायची. विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखी. तिला तिथे खड्डा दिसत होता. हे मला कळायला चार महिने लागले. पायपुसणं उचललं आणि ती माझ्या आधी बाहेर पडली. चकचकीत फरशीचंही तसंच, ती ओली वाटते. इथल्या बाथरूममध्ये भांडं पांढरं, सीट पांढरी, फरशी पांढरी. नेमकं कुठे बसायचं ते कळणार कसं? आम्ही गडद निळी सीट बसवली.

आता ताट. स्टीलचंच असणार आपल्याकडे. वर दिवा असला की ते नुसतं चमकतं, आणि पांढऱ्या ताटात पांढरा भात तर दिसतच नाही. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटं-पेले दिले, तर खाणं साधारण २५ टक्क्यांनी वाढलं. रुग्ण थोडेच होते, पण आमच्या घरी मी ते डोळ्यांनी पाहिलं. केळीच्या पानाच्या रंगाचं साधं प्लॅस्टिकचं ताट आणलं. त्यावर भात, त्यावर पिवळं वरण, आणि आई स्वतःच्या हाताने जेवली. वेलबुट्टीचं ताट मात्र आणू नका. आमच्याकडे काठावर गुलाबी फुलं होती, ती आई चिमटीत धरून उचलायला बघायची.

आंघोळीला शॉवर बंदच करा. पाणी वरून येताना दिसत नाही, अचानक अंगावर पडतं, आणि त्या बंद जागेत आवाज घुमतो. त्यांना तो खरोखर मारच वाटत असेल. आधी खोली गरम करा, खांद्यावर टॉवेल राहू द्या आणि बादली-तांब्या घ्या. जन्मभर तशीच आंघोळ केलेली असते. पहिला तांब्या पायांवर, तोही सांगून. पाणी किती गरम आहे ते मात्र तुम्ही बघा, त्यांना चटका वेळेवर कळेलच असं नाही.

वासही जातो, बऱ्याचदा विसरण्याच्या आधीच. आईची फोडणी करपायची आणि ती शेजारीच उभी असायची. बाबा एकटे ओट्यापाशी जात असतील तर गॅस गळतीचा अलार्म आजच लावा.

---

स्लावहून, सोमवार दुपारी

वहिनी, दोन गोष्टी माझ्याकडून. हिच्या आजारपणात शिकलो.

कान. ही ऐकत नाही म्हणून मी आवाज चढवायचो, तो तिला रागावल्यासारखा लागायचा. शेवटी कानात मळ निघाला. तो काढला, मशीनची बॅटरी बदलली आणि ती पुन्हा उत्तरं द्यायला लागली. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि नातवंडं एकाच वेळी असली की ती कान झाकून घ्यायची. म्हणून बोलताना टीव्ही बंद आणि तोंडासमोर बसून बोलायचं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने ऐकणं कमी होणं पूर्वीच स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांमध्ये धरलं होतं, २०२४ मध्ये दिसणं कमी होणंही त्यात आलं. तेव्हा कान-डोळे दरवर्षी तपासून घ्या.

दुसरं, दुखणं. 'दुखतंय' हा शब्दच तिला सुचेना. घास थुंकून टाकायची, आम्ही चवीला दोष दिला. दाढ किडली होती. बाबांचं हे सगळं दोन-चार दिवसांत एकदम वाढलं असेल तर मेलची वाट बघू नका, जीपीला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करा. लघवीच्या संसर्गानेही अशी माणसं एकाएकी बिथरतात.

---

हॅरोहून, शनिवार

ताई, काका, दोघांचेही मेल मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि पायपुसणं गॅरेजमध्ये टाकून आले.

काका, एकदम नाही, हळूहळूच वाढत गेलं होतं. तरी जीपीकडे जाऊन आलो, लघवीत काही नाही. कानांची तपासणी पुढच्या आठवड्यात.

दारापाशी बाबा परवाही थांबले. खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि उतरले. कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आलो. हिरवं ताट मिळालं नाही, लाल आणलं, त्यात वरण-भात संपतो. आंघोळ अजून जमत नाही. आज पाय आणि हात झाले, पाठीला हात लावू दिला नाही. तांब्या मात्र माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच गुडघ्यावर ओतला.

ताई, डोकं कसं धुवायचात? पाणी कपाळावर आलं की घाबरतात.